आठवड्याची मुलं

आम्ही उतरलो होतो तिथल्या घरमालकिणीनं पहिल्याच सकाळी सांगितलं, "ताई, पोरीला बाहेर नेताना डोक्याला रुमाल बांधा."

मला वाटलं, वाऱ्यासाठी म्हणतेय. गाव बंदराचं. वारा असा, की तोंड उघडलं तर शब्द परत घशात घालेल. पण पोरीला, आमच्या खारूताईला, मी कानटोपी घातली होती, चांगली लोकरीची, माझ्याच हातची. ती बघूनही बाई म्हणाली, "टोपी मागे सरकते. रुमालच बांधा. कपाळ झाकेल असा."

"का हो? काय झालंय तिच्या कपाळाला?"

"काही नाही," असं म्हणून ती टेबलावरच्या बशा उचलून आत गेली. आमचं खाणं अर्धंच झालं होतं.

मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीत बसते. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात, मी लोकांवर ओरडते, आणि संध्याकाळी सगळे सुखाने घरी जातो. ओरडणाऱ्या माणसाची मला कधी भीती वाटली नाही. पण जो माणूस खिडकीशी येऊन "काही नाही, सहज आलो होतो" म्हणतो ना, त्याच्या घरात नक्की गुडघाभर पाणी साचलेलं असतं. घरमालकिणीचं ते "काही नाही" तसलंच होतं.

खारूताईच्या कपाळावर, केसांच्या अगदी कडेला, एक भोवरा आहे. तेल लावा, पिना लावा, पाण्याने चापूनचोपून बसवा, तिथले केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभेच्या उभे. मी रोज सकाळी त्या तुऱ्याशी भांडते आणि रोज हरते. त्या दिवशी मुकाट्याने त्याच्यावर रुमाल बांधला.

"आई, मला म्हातारीसारखं वाटतंय," ती म्हणाली.

"वाटू दे. म्हाताऱ्या बायकांना कोणी प्रश्न विचारत नाही."

खारूताई आमच्या पोटची नाही. हे तिला कळायला लागल्यापासून माहीत आहे. आम्ही तिला ह्याच देशातून, ह्याच गावातून दत्तक घेतली, तेव्हा ती धड बोलतही नव्हती. आम्ही सीमेच्या पलीकडचे. भाषेची काही अडचण नाही, इकडची भाषा म्हणजे आमचीच, फक्त हेल काढून बोललेली. बालगृहानं दिलेल्या कागदांवर लिहिलं होतं, आईवडील वारले, नातेवाईक नाहीत. एवढ्यावर आमचं छान चाललं होतं. मग ह्या वर्षी एक दिवस केस विंचरताना तिनं आरशातून विचारलं, "माझ्या त्या आईलाही असाच भोवरा होता का?" मी म्हणाले, मला काय माहीत. पण हे शेजारीच बसले होते, आणि म्हणाले, "बघून येऊ."

आमचे हे सुतार. दारं-खिडक्या करतात. माणसांशीही लाकडाशी वागावं तसंच वागतात, म्हणजे बोलत नाहीत, नुसता हात फिरवून बघतात. पण एकदा तोंडातून शब्द गेला की गेला. मी पुष्कळ आदळआपट केली. शेवटी बॅगा मीच भरल्या, कारण ह्यांना मोजे सापडत नाहीत.

मला काय हवं होतं ते सांगूनच टाकते. मला एक कबर हवी होती. बरी राखलेली, दगडावर चार ओळी असलेली. तिघांनी तिथं फुलं ठेवावीत, पोरीनं थोडं रडावं, मी तिला जवळ घ्यावं, आणि परत यावं. ती बाई मेलेली असावी असं मला मनापासून वाटत होतं. त्याची मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. ज्याला एकच लेकरू आहे त्यानं मला नावं ठेवावीत.

आमच्या घरात एक गोष्ट आहे. दर वाढदिवसाला खारूताई ती मागते, आणि एक शब्द इकडचा तिकडे झालेला तिला चालत नाही. गोष्ट अशी, की आम्ही बालगृहात गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी आम्हाला बाकावर बसवून ठेवलं. ज्या मुलीसाठी आलो होतो ती तापानं पडली होती. बसा जरा, म्हणाले. आता ह्यांना हात बांधून बसता येतं होय? समोरच्या भिंतीत एक लाकडी झडप होती, दुकानाच्या फळीसारखी, ओलीनं फुगलेली. हे उठले आणि सवयीनं ती वाजवून बघितली. बोटाच्या पेरानं एकदा, मग लगेच दोनदा, आणि शेवटी नखं फळीवरून खर्रकन खाली ओढली. लाकूड आतून पोकळ आहे का ते असं कळतं म्हणे. तर झडपेमागे काहीतरी धडपडलं. साहेबांनी झडप वर केली. आत एक चिमुरडी, धावत आलेली, दोन्ही हात वर करून उभी. ह्यांनी उचलली, तशी मानेला चिकटली ती सोडेचना. साहेब बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "हिनं तुम्हालाच निवडलंय. हिलाच घेऊन जा. कागदांचं मी बघतो."

गोष्ट संपली की खारूताई विचारते, "म्हणजे मीच तुम्हाला निवडलं ना?"

"तूच गं बाई. आमची काय बिशाद."

मग ती केक कापते.

तर त्या सकाळी रुमाल बांधून आम्ही ते बालगृह शोधत निघालो. वाटेत लोक बघत होते. परक्या माणसांकडे बघतातच, पण लोक आधी माझ्याकडे बघायचे, मग ह्यांच्याकडे, आणि शेवटी नजर पोरीवर जाऊन अडकायची. बेकरीवाल्यानं पाव बांधताबांधता हात थांबवला. मी खास तक्रार खिडकीतला आवाज काढून "काय झालं?" म्हणाले, तर म्हणाला, "काही नाही." दुसऱ्यांदा तेच.

बालगृह आता बालगृह नव्हतं. मासळीच्या कारखान्याचं बर्फाचं गोदाम झालं होतं. दाराला कुलूप, खिडक्यांना पत्रे. चौकशी करावी तर कोणी नव्हतं. पण बाजूच्या गल्लीत वळलो तर ती झडप दिसली. त्या दिवशी आम्ही बाकावर बसलो होतो ती पडवीच पाडून टाकली होती, म्हणून झडप आता सरळ रस्त्यावर उघडत होती. खारूताईला केवढा आनंद झाला. "बाबा, हीच का? वाजवा ना. गोष्टीतल्यासारखी वाजवा."

ह्यांनी वाजवली. एकदा, मग दोनदा, मग नखं.

गल्लीच्या पलीकडे चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या बाईचं दुकान होतं. ती आतून बाहेर आली. एका हातात बूट, दुसऱ्या हातात हातोडी. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोणी शिकवलं तुम्हाला हे?" तिनं ह्यांना विचारलं.

"काय?"

"हे वाजवणं."

"मी सुतार आहे," हे म्हणाले. ह्यांच्या मते एवढ्यात सगळं आलं.

बाईनं पोरीकडे बघितलं. वाऱ्यानं रुमाल मागे गेला होता आणि तुरा उभा होता. ती दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. "जा तुम्ही इथून," म्हणाली, आणि लगेच, "नाही, थांबा. मावशी अजून आहे. बालगृहातली आया. चढावरचं निळं दार. तिच्याकडे जा, आणि आत्ताच जा, कारण मला काही तोंड बंद ठेवता येणार नाही."

आम्ही चढाला लागलो आणि मागे दुकानाचं दार ओढल्याचा आवाज आला. भर दिवसा दुकान बंद करून ती बाई उतारानं निघाली होती, कारखान्याच्या दिशेनं. चालत नव्हती, पळत होती.

"अहो, परत जाऊ या," मी म्हणाले.

"आलोच आहोत तर," हे म्हणाले. ह्यांचे सगळे घोळ ह्याच तीन शब्दांनी सुरू होतात.

निळ्या दारामागे एकच खोली होती. म्हातारी जुने टॉवेल कापून फडकी करत बसली होती. आम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. पोरीचा रुमाल सोडला, तुऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "आलात." मग पोरीला म्हणाली, "मागे अंगणात मांजरीला पिल्लं झालीत, जा बघ." पोर पळाली. काचेच्या दारातून ती आम्हाला दिसत होती, उकिडवी बसलेली.

"कागदावर काय लिहिलंय तुमच्या?" मावशीनं विचारलं.

मी सांगितलं. आईवडील वारलेले, नातेवाईक नाहीत.

"ते दुसऱ्या मुलीचं," ती म्हणाली. "जी तापानं पडली होती, तिचं. तुमची मुलगी अनाथ नव्हती. ती आठवड्याची होती."

आम्हाला कळेना. मग तिनं फडकी बाजूला ठेवून सांगितलं. कारखान्यातल्या बायकांच्या शिफ्ट अशा विचित्र, की तान्ही मुलं घरी सांभाळायची कोणी? म्हणून बालगृहात दोन खोल्या होत्या. मागची अनाथ मुलांची, पुढची आठवड्याच्या मुलांची. सोमवारी सकाळी त्या बायका मुलं आणून सोडायच्या, शनिवारी शिफ्ट सुटली की घेऊन जायच्या.

"सोमवार म्हणजे नुसता आकांत," मावशी म्हणाली. "आईचं बोट सोडायची नाहीत. एकेकाला ओढून आत घ्यायचं आणि दार लावायचं, हे माझं काम. मग शनिवारपर्यंत माझ्या कुशीत झोपायची, मावशी मावशी करायची. आणि शनिवारी ती झडप वाजली की माझ्याकडे वळूनसुद्धा बघायची नाहीत."

"झडप," हे म्हणाले.

"बाहेर एवढ्या बायका, आत एवढी पोरं, सगळ्यांना एकदम घाई. हाका मारल्या तर नुसता गलका. म्हणून प्रत्येक आईची आपली एक टकटक होती. बाई बाहेरून फळी वाजवायची, जिचं पोर तिचं धावत यायचं. कधी चूक नाही झाली. आईची टकटक पोरं अंगावर पितानाच शिकायची." ती ह्यांच्या हातांकडे बघत होती. "हिच्या आईचा बाप होड्या बांधायचा. लाकूड वाजवून बघायची तुमच्या लोकांची जी रीत, तीच ती लहानपणापासून बघत आली होती. तीच वाजवायची. तुमची तंतोतंत तशी नव्हती. पण एवढ्याशा पोराला तेवढं पुरलं."

ह्यांनी आपले हात मांडीवर ठेवले आणि मग मांडीखाली घातले. लग्न झाल्यापासून मी ह्या माणसाला रडताना बघितलं नव्हतं. आताही बघायचं नव्हतं, म्हणून मी काचेबाहेर बघितलं.

म्हणजे पोर ह्यांच्याकडे धावलीच नव्हती. आई आली म्हणून धावली होती. झडप उघडली आणि समोर परका माणूस होता, तरी ती त्याला घट्ट धरून राहिली, कारण तो आईसारखा वाजला होता. इतकी वर्षं आम्ही ही गोष्ट केकच्या आधी सांगत होतो, टाळ्या वाजवत होतो.

"मग तिच्या आईला काय सांगितलं?" हे मी विचारलं की ह्यांनी, आठवत नाही.

"ती तापातली मुलगी वाचत नाही हे साहेबांना दिसतच होतं. त्याच आठवड्यात ती गेली. साहेबांनी शनिवारी हिच्या आईला सांगितलं, तुझी गेली. साथीचा आजार आहे, उघडून बघू नकोस. शिवलेल्या कापडात होती. तिनं तशीच नेली आणि पुरली." मावशीनं एक फडकं उचलून त्याची घडी घातली. "वजन वेगळं लागलं म्हणाली. आईला लागतंच. कोणी ऐकलं नाही तिचं. साहेब पुढे बदली करून गेले. मी बोलले नाही. माझी नोकरी होती, आणि पोर चांगल्या घरी गेली असं मी स्वतःला समजावलं. ती मात्र पुढच्या शनिवारी येऊन झडप वाजवून गेली. त्याच्या पुढच्याही. बालगृह बंद झालं, तरी वाजवते. गावानं आता बोलणं सोडून दिलंय. शनिवारी ती गल्लीत आली की लोक आपापली दारं लोटून घेतात."

मला कबर हवी होती. तर कबर होती. आत कोणाची तरी वेगळीच पोर होती, जिच्यासाठी खरं तर आम्ही त्या दिवशी आलो होतो, आणि जिच्यासाठी कोणीही कधी रडलं नव्हतं.

मी उठले. "खारूताई, चल," म्हणून हाक मारली. पिल्लं ठेवून ती आली. तिनं किती ऐकलं ते मी विचारलं नाही. काच पातळ होती.

उतारावर मी ह्यांना पुढे ढकलत होते. सामान भरायचं, मिळेल ती गाडी पकडायची, सीमेपलीकडे गेलो की पुढचं पुढे. वकील बघू. पत्र लिहू. पैसे पाठवू, फोटो पाठवू. पोरीचा हात मी इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, "आई, दुखतंय."

घरमालकीण पायरीवरच उभी होती. आमच्याकडे न बघता म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं होतं रुमाल घट्ट बांधा म्हणून." आणि बाजूला झाली.

जेवणाच्या खोलीत एक बाई बसली होती. खुर्चीच्या अगदी कडेवर. पायात रबरी बूट, त्यांच्याभोवती पाण्याचं थारोळं. अंगावर कारखान्याचा प्लास्टिकचा एप्रन, डोक्याला केस झाकणारी पांढरी टोपी. आम्ही आत आलो तशी ती उठली आणि हात मागे लपवले. हातांना मासळीचा वास येत असेल म्हणून लपवले, हे मला नंतर कळलं. मग काहीतरी आठवल्यासारखं करून तिनं टोपी काढली.

कपाळावरचे केस उभे राहिले.

खारूताईचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला. मी वाट बघत होते की ती आता किंचाळेल, माझ्या अंगावर धावून येईल, पोरीवर झडप घालेल. मी तयार होते. ओरडणाऱ्या माणसाला कसं हाताळायचं ते मला येतं.

ती म्हणाली, "जेवते का नीट?"

"जेवते," मी म्हणाले. "पालेभाजी सोडून सगळं."

"माझ्याकडेही थुंकायची." तिनं पोरीकडे बघितलं, पटकन, ऊन डोळ्यात जावं तशी नजर काढून घेतली. "झोपताना कान धरते का अजून?"

धरते. स्वतःचा नाही, माझा. ते मी सांगणार नव्हते. पण हे म्हणाले, "धरते."

"बरं वाटलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ताई, मी तुम्हाला काही बोलणार नाही. बूटवाली म्हणत होती, पोलिसात जा. गेले होते मी तेव्हाच. हसले ते. तुम्हाला माहीत नव्हतं, हे तुमच्या तोंडावर दिसतंय. पोर चांगली ठेवलीत. मला फक्त एवढंच म्हणायचंय, की आज शनिवार आहे."

"मग?"

"शिफ्ट संपली माझी. मी हिला घरी नेते. सोमवारी सकाळी कामाला जाताना आणून सोडते. मी कधी उशीर केला नाही, मावशीला विचारा."

इतक्या साध्या आवाजात म्हणाली, जणू मध्ये काही घडलंच नाही. जणू मागच्या सोमवारी सोडून गेली होती आणि आता न्यायला आली आहे.

"आमची उद्याची गाडी आहे," मी म्हणाले.

ह्यांनी मान वर केली. "गाडी मंगळवारची आहे," हे म्हणाले. मी ह्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर जागच्या जागी राख झाला असता. ह्यांनी नजर हलवली नाही. "सोमवार मध्ये येतो गं," म्हणाले, अगदी हळू.

ती बाई वाट बघत उभी होती. तिला वाट बघायची इतकी सवय होती की तिच्या उभं राहण्यात घाई नव्हतीच. हात अजून मागेच.

मी पोरीकडे बघितलं. मनात म्हटलं, रड. चिकट मला. म्हण की मला नाही जायचं. तू एकदा म्हण, मग बघते मी ह्या बाईला, ह्या गावाला, माझ्या नवऱ्यालासुद्धा. खारूताई खाली बसली होती. बुटाचा बंद सुटला होता तो बांधत होती. नीट, दोन गाठी मारून, मी शिकवलं तसा. बांधून झाल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, जाऊ?"

दोघी बायका तिथं उभ्या होत्या आणि तिनं आई म्हणून विचारलं ते मला. तेवढ्यावर मी आयुष्य काढीन. आणि तेवढ्यामुळेच मला नाही म्हणता आलं नाही. परवानगी मागणाऱ्या पोरीला नाही म्हणायला काही कारण लागतं, आणि माझ्याकडे होतं ते एकच कारण, ते तिच्यासमोर तोंडातून निघेना.

"जा," मी म्हणाले. "स्वेटर घे."

स्वेटर ह्यांनीच आणून दिला. त्या बाईनं शेवटी हात पुढे केला, एप्रनला पुसून पुसून लाल झालेला, आणि एकच बोट पुढे ठेवलं. तान्ह्या पोरासाठी ठेवतात तसं. आमची आता बोट धरायच्या वयाची राहिलेली नाही. पण तिनं ते धरलं.

आम्ही पायरीवर उभं राहून बघत होतो. गल्लीतली दारं एकेक करून लोटली जात होती. त्या दोघी मधून चालल्या होत्या, दोन तुरे वाऱ्यावर, आणि कोपऱ्यापर्यंत एकीनंही मागे वळून बघितलं नाही.

"सोमवारी आणेल गं ती," हे म्हणाले.

"आणेल," मी म्हणाले. "माहीत आहे मला."

ती पळून जाईल अशी भीती मला एक क्षणही वाटली नाही. ती शब्दाची पक्की होती, सोमवारी सकाळी वेळेवर ह्याच पायरीशी येणार होती. पोर तिचं बोट सोडणार नाही. आणि तिला ओढून आत घ्यायला, दार लावायला, इथं दारात मी उभी असेन.